वनस्पतींच्या जगात : पिवळ्या फुलांचा कॅमेलिया

रोज सकाळी आपण ज्याची पाने उकळतो ते चहाचे झुडूप कॅमेलिया या वनस्पति-प्रजातीतील होय. याच प्रजातीतील शोभेची झाडे दार्जिलिंगसारख्या थंड हवेच्या ठिकाणी बागांतून दिसतात. त्यांची फुले पांढरी, गुलाबी वा लाल असतात. गडद पिवळे फूल मात्र त्यांत नाही. बागशौकिनांना ही उणीव दीर्घकाळ खटकत होती.

वस्तुतः असे झाड दक्षिण चीनमधील ग्वांग्शी प्रदेशात व त्याला लागून असलेल्या उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांत, दमट अरण्याच्या सावलीत, पूर्वीपासून उभेच होते. १९४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होऊन त्यास ‘कॅमेलिया निटिडिसिमा’ हे नाव मिळाले. चिनी लोक त्यास ‘जिन-ह्वा-छा’, म्हणजे सोनेरी फुलाचा चहा, असे म्हणतात. झाड फार उंच नसते. पाने लांबट व जाड, त्यांवर शिरा खोल उमटलेल्या. आणि थंडीच्या दिवसांत त्या पानांआड मेण फासल्यासारखी चकचकीत पिवळी फुले लोंबतात. १९८० च्या सुमारास याचे बी परदेशी पोहोचले, तेव्हा संकराने हवा तसा पिवळा कॅमेलिया निपजेल अशी अनेकांस उमेद वाटली. संकरित रोपांची फुले मात्र बहुधा फिकटच निघाली. हा रंग सहजासहजी उसना मिळत नाही, असेच म्हणावयाचे!

या झाडाचे भाग्य, आणि दुर्दैवही, त्याच्या औषधी कीर्तीत आहे. ग्वांग्शीतील ज्वांग लोक घशाची सूज, आमांश, लघवीच्या तक्रारी यांवर याच्या पानाफुलांचा काढा देत आले आहेत. फ्लेव्होनॉइड, पॉलिफेनॉल, सॅपोनिन इत्यादी द्रव्ये त्यांत आढळली आहेत, आणि उंदरांवरील प्रयोगांत रक्तातील साखर व चरबी उतरल्याचेही दिसले आहे. तथापि उंदीर तो उंदीर! माणसांवरील पुरेशा मोठ्या चाचण्यांचा आधार या गुणांना अद्याप लाभलेला नाही. चीनने २०१० मध्ये यास मान्यता दिली ती खाद्यपदार्थ म्हणून, औषध म्हणून नव्हे. घरातील मधुमेही माणसाने डॉक्टरांची गोळी बाजूस सारून या फुलांच्या डबीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. आवड म्हणून पेलाभर घ्यावयाचे, तर गोष्ट निराळी.

बाजार मात्र चाचण्यांसाठी थांबत नाही. सुकविलेली फुले साध्या चहाच्या कितीतरी पट भावाने विकली जातात. साहजिकच अरण्यातील झाडांवर धाड पडली. फुले खुडल्याने झाड मरत नाही हे खरे; पण फूल गेले की बीही गेले, आणि जेथे व्यापारी मुळासकट झाडेच मागतात तेथे तेवढेही उरत नाही. चीनच्या २०२१ च्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत पिवळ्या कॅमेलियांचा हा सारा गट घातलेला आहे.

कायद्याइतकाच, किंबहुना अधिक, उपयोग लागवडीचा होईल असे आम्हांस वाटते. व्हिएतनामच्या क्वांग निन्ह प्रांतातील बा चे या डोंगराळ भागात शेतकरी हे झाड मुद्दाम लावू लागले आहेत. त्यास अरण्यासारखीच सावली हवी, म्हणून ते मोठ्या झाडांखाली लावता येते. जमीन आम्लधर्मी व पाण्याचा निचरा होणारी लागते. बियांपासून वाढविलेले रोप फुलावर येण्यास कित्येक वर्षे जातात. तेवढा धीर नसलेले लोक फांद्यांची कलमे लावतात.