दहावीचा इतिहास आणि आजोबांचा दाखला

महाराष्ट्रात गेली काही वर्षे जुन्या कागदांना मोठा भाव आला आहे. २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी सरकारी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटियरचे नाव घराघरांत पोहोचले. आरक्षणाच्या त्या वादात आम्हाला येथे शिरायचे नाही. परंतु एका जुन्या नोंदीवर माणसाचे भवितव्य ठरते, ही गोष्ट त्यातून सर्वांना कळली. दलित-आदिवासी समाजाला ती फार आधीपासून ठाऊक आहे.

साक्री तालुक्यातील पिंपळनेरचे उदाहरण घ्या. तेथील आदिवासी किंवा बौद्ध विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा मागितला जातो. मग बाप कामधंदा सोडून शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुना फेरफार यांच्यामागे फिरतो. सर्वोच्च न्यायालयानेही राज्यघटनेपूर्वीच्या कागदांना अधिक वजन दिले आहे. चालीरीती विचारून घेतली जाणारी चाचणी ही प्रत्येक प्रकरणात निर्णायक कसोटी नव्हे, असे २४ मार्च २०२३ च्या निकालात स्पष्ट झाले. म्हणजे आता तर कागदच बोलणार. प्रश्न असा की, तो कागद वाचायला आमच्या मुलांना कोणी शिकवले?

कागद सरळ बोलत नसतो. एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असे असू शकते. त्यात खोटे काहीच नाही. १९५६ ची धम्मदीक्षा आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळालेल्या घटनात्मक सवलती त्या तीन शब्दांत दडलेल्या असतात. आदिवासी घरात एका ठिकाणी ‘कोकणा’, दुसऱ्या ठिकाणी ‘कोकणी’ असे आढळते. अनुसूचित जमातींच्या यादीत ही दोन्ही नावे एकाच नोंदीत आहेत. गावोगावच्या कित्येक म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जून असते, कारण ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावून दिलेली असते. हा कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, माहिती कोणी दिली आणि लिहिण्याचा हेतू काय होता, हे चार प्रश्न विचारणे म्हणजेच इतिहास संशोधन होय.

पाठ्यपुस्तकात हे अजिबात नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०१८ पासूनच्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरेपासून होते. त्यात महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ आहे आणि बाबासाहेबांचे ग्रंथही आहेत. याचे स्वागतच केले पाहिजे. पण वर्गात होते काय? इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. ग्रंथाचे नाव पाठ करा, जोडी लावा, गुण घ्या आणि मोकळे व्हा! बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते आणि १९४८ मध्ये अस्पृश्य कसे झाले, यावर ग्रंथ लिहिले. ज्या ग्रंथांनी आपल्याला हीन ठरवले, त्याच ग्रंथांना त्यांनी पुराव्याची पाने म्हणून समोर ठेवले आणि उलटतपासणी केली. ही उलटतपासणीची पद्धत मुलांच्या हाती आली नाही, तर नुसते नाव पाठ होऊन काय उपयोग?

धुळे जिल्ह्यात तर ही पद्धत शिकवायला साधनांचा तोटा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मागे १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी दारोदार फिरून कागद जमवले, त्या कष्टांना तोड नाही. पण मुलांनी हेही विचारावे की दप्तर कोणाच्या घरी होते? देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरी. गावची शीव सांगणाऱ्या महाराच्या घरी दप्तर नव्हते. म्हणून त्याला इतिहास नव्हता काय?

१८८० चे खानदेश गॅझेटियर घ्या. त्यात पिंपळनेर हे तालुक्याचे नाव आहे. आपल्या गावाविषयी आणि भिल्लांविषयी इंग्रज अधिकाऱ्याने काय लिहिले, ते नववी-दहावीच्या मुलांनी वाचावे. १८५७ चा खाज्या नाईक इंग्रजांच्या लेखी लुटारू आणि आपल्या लेखी क्रांतिकारक कसा, ते शोधावे. लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला समाज जमतो. १९३७ च्या त्या भेटीची माहिती ‘जनता’ पत्रात, कोर्टाच्या कागदांत आणि वृद्धांच्या आठवणीत कशी तपासायची, हा उत्तम प्रकल्प होईल. त्याला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत.

एक सावधगिरी मात्र हवी. कोणत्याही मुलाचा जातीचा दाखला वर्गासमोर फिरता कामा नये. शिकवण्यासाठी नावे झाकलेल्या नकला पुरेशा आहेत. अभ्यासाच्या नावाखाली पुन्हा मुलांची जात पुकारली जाणार असेल, तर असला अभ्यास नको.

शिक्षकांना वेळ नाही, हे खरे आहे. म्हणूनच गावातील पदवीधर तरुणांनी आणि बुद्धविहारांनी रविवारी दोन तास यासाठी द्यावेत. एकदा जुना दाखला वाचायला शिकलेला मुलगा मोबाईलवर आलेला खोटा इतिहासही डोळे मिटून पुढे ढकलत नाही. त्याला दाखल्यासाठी दलालाच्या दारात उभे राहावे लागत नाही. पडताळणी समितीने ‘नोंदीत तफावत आहे’ असे म्हटले, तर तफावत का आहे हे तो स्वतः सांगू शकतो. आमच्या पूर्वजांविषयी दुसऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. ते तपासण्याचे काम आता पिंपळनेरच्या मुलामुलींकडे सोपवले पाहिजे.