शिकाऊ उमेदवार हा भुर्दंड नव्हे



शिकाऊ उमेदवार घेणे म्हणजे कारखानदाराच्या माथी मारलेला कायमचा बोजा, हे गेल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन कायद्याच्या मजकुराशी विसंगत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने अशा उमेदवारास कामगार नव्हे, तर प्रशिक्षणार्थी मानले असून, करारात तशी अट नसल्यास मुदत संपल्यावर त्यास नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. सक्ती आहे ती 30 किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना, आणि तीही किमान अडीच टक्क्यांची. विद्यावेतनाचा, म्हणजे शिकण्याच्या काळातील मासिक मानधनाचा, सगळा भार मालकावर पडतो हेही अर्धसत्य होय, कारण 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्याचा 25 टक्के, दरमहा कमाल 1500 रुपयांचा, वाटा केंद्र सरकार उचलते.

आयटीआयची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेली, मुले यंत्रे बिघडवतात, हा आक्षेप आयटीआयपेक्षा कारखान्यातील देखरेखीविषयीच अधिक सांगतो. फिटर वा टर्नर मोजमाप आणि आरेखन-वाचन शिकून येतो. सीएनसी यंत्राची, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राची, सवय मात्र त्या यंत्रावरच लागते, आणि ती लागत असताना उमेदवाराचा हात, शिस्त व समज पारखण्याची जी संधी मालकास मिळते, ती मुलाखतीत मिळणे शक्य नाही. शिकाऊंना नुसते झाडलोटीस जुंपणाऱ्यांना हा लाभ होत नाही, एवढे मान्य; पण तो दोष योजनेचा नव्हे. लेखकाने पुढील लेखापूर्वी अधिनियमाची कलमे 18 व 22 वाचावीत.

— एक वाचक, चिंचवड