मंद क्वेरी शोधण्याआधी बेरीज पाहा

‘सर्व्हर हळू चालतोय’ अशी तक्रार आली की आपण एखादी अजस्र क्वेरी शोधायला धावतो. लहान संस्थांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे, आधी एकूण वेळ पाहा. समजा, रात्री एकदाच चालणारा अहवाल 40 सेकंद घेतो आणि खात्यातली शिल्लक दाखवणारी क्वेरी जेमतेम 2 मिलिसेकंद. पण ही दुसरी दिवसात 10 लाख वेळा चालली तर तिचे 2000 सेकंद होतात. अर्ध्या तासाहून जास्त! दुरुस्ती तिथे हवी.

ही बेरीज जमते, कारण डेटाबेस सारख्या क्वेरी एका नावावर मांडतो. पोस्टग्रेसमध्ये हे काम ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन करतं. खातं 4512 आणि खातं 7890 यांची विचारणा त्याच्या लेखी एकच. आकड्याच्या जागी ते ‘$1’ अशी खूण ठेवतं. तुलना अक्षरांची होत नाही. क्वेरीचा अर्थ लावल्यावर जो सांगाडा उरतो त्यावरून ओळख क्रमांक निघतो, म्हणून मोकळ्या जागा किंवा कीवर्डची लहान-मोठी अक्षरं बदलली तरी फरक पडत नाही. 2012 च्या 9.2 आवृत्तीपासून ही सोय फुकट मिळते आहे, तरी कितीतरी ठिकाणी ती बंदच असते याचं वाईट वाटतं. सुरू करायला सर्व्हर एकदा रिस्टार्ट करावा लागतो, एवढाच त्रास.

एक खोड मात्र सांभाळा. ‘इन’च्या कंसात कधी तीन खाती, कधी तीस, असं प्रोग्राम लिहीत असेल तर 18 व्या आवृत्तीआधी प्रत्येक लांबीची वेगळी नोंद होते. नोंदींची मर्यादा मुळात 5000 असते. ती भरली की कमी चालणाऱ्या नोंदी पुसल्या जातात, त्यांची मोजणीही जाते, आणि तुमची बेरीज खोटी पडते. पूर्ण यादी एकाच अ‍ॅरेमध्ये पाठवून ‘एनी’ वापरा. लांबी कितीही असो, नोंद एकच राहील. 14 व्या आवृत्तीपासून ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स इन्फो’मध्ये ‘डीअ‍ॅलॉक’ हा आकडा दिसतो. तो भराभर वाढत असेल, तर अशा विखुरलेल्या क्वेरी आधी आवरा आणि मगच एकूण वेळेच्या उतरत्या क्रमाने पहिल्या दहा ओळी काढून बसा.