हातातला फोन, पडद्यावरचा खेळ
नाशिक, खास प्रतिनिधी

एकाच यंत्राला किती कामांना जुंपावे, याला आता धरबंध राहिलेला नाही. घड्याळ, कॅमेरा, विजेरी, हिशेबाची वही आणि बँकेचे पासबुक अशा भूमिका पार पाडून झाल्यावर भ्रमणध्वनी आता घरातील टीव्हीवर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचा कंट्रोलर होऊ पाहत आहे. वरकरणी ही गंमत वाटते. तिच्यामागे मात्र मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खर्चाचा, मुलांच्या सुरक्षिततेचा आणि मराठीत खेळ का नाहीत, असा तिहेरी प्रश्न दडलेला आहे. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत ज्या घरांत मोठा टीव्ही, वाय-फाय आणि माणसागणिक फोन आहे, त्या सर्वांशी तो निगडित आहे.

खर्चाचे गणित

सोनीचे प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखल झाले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये आणि सुट्या कंट्रोलरची ५,९९० रुपये होती. संचासोबत कंट्रोलर एकच मिळतो. दिवाळीच्या सुटीत मामे-चुलत भावंडे जमली आणि चौघांना एकत्र खेळायचे ठरले, तर आणखी तीन कंट्रोलर हवेत. म्हणजे १७,९७० रुपये. संचाच्या किमतीच्या एकतृतीयांशाहून अधिक! जानेवारी २०१९ पासून व्हिडिओ गेम संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरीही वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूवर एवढा पैसा घालावा का, हा प्रश्न उरतोच. खिशातला फोन नेमका येथे पुढे येतो. त्यात स्पर्शपटल आहे, हालचाल ओळखणारे संवेदक आहेत, ध्वनिग्राहक व कॅमेरा आहे आणि वाय-फाय तर आहेच.

प्रयत्न झाले, पण...

ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये 'स्मार्टग्लास' आणून फोनला एक्सबॉक्सशी जोडले. २०१४ मध्ये आलेल्या जॅकबॉक्सच्या खेळसंचाने मार्ग आणखी सोपा केला. पडद्यावर चार अक्षरांचा संकेत येतो, खेळाडूने तो फोनच्या ब्राउझरमध्ये टंकायचा की तो खेळात सामील! झुरिच येथील 'एअरकन्सोल'ने २०१५ मध्ये वेगळा कन्सोलही अनावश्यक ठरविला. ब्राउझर हाच संच आणि फोन हाच कंट्रोलर. सोनीने २०१७ मध्ये 'प्लेलिंक' या नावाने प्लेस्टेशन ४ साठी खास फोनवरून खेळायचे खेळ काढले. नेटफ्लिक्सनेही २०२५ मध्ये टीव्हीवरील कौटुंबिक खेळांसाठी फोनच हाती घ्यायला सांगितले.

भारतीय प्रेक्षकाला हा अनुभव एका वेगळ्या वाटेने आधीच मिळाला होता. २०१७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या नवव्या पर्वात घरबसल्या फोनवरून उत्तरे देण्याची सोय झाली. पडदा समोर आणि उत्तराचे बटण हातात, ही सवय तेव्हाच लागली. तो कन्सोल नव्हता, पण तत्त्व तेच होते.

काच आणि कळ

मग कंट्रोलर अडगळीत जाणार का? तसे नाही. कंट्रोलरच्या कळा अंगठ्याला न पाहता सापडतात. फोनची काच सपाट असल्याने अंगठा कुठे आहे हे कळत नाही. ते पाहण्यासाठी मान खाली घातली, की पडद्यावरचा गडी बाद! शिवाय खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. फोनवरची आज्ञा राउटरमार्गे संचाकडे जाते. एकाच इमारतीत वीस-पंचवीस घरांचे वाय-फाय एकाच लहरपट्टीवर दाटले असतील, तर ही आज्ञा रखडते. क्रिकेट, मोटारशर्यत किंवा मारधाडीच्या खेळात हा क्षणार्धाचा उशीर भोवतो. त्यातच ऐन रंगात फोन वाजतो किंवा बॅटरी मान टाकते.

निन्टेन्डोचा अनुभवही बोलका आहे. हात हलवून खेळायच्या 'वी'चे १० कोटींहून अधिक संच खपले. २०१२ मध्ये आलेल्या 'वी यू'च्या कंट्रोलरमध्ये स्वतंत्र पडदाच बसविला होता; त्याचे मात्र सुमारे १ कोटी ३५ लाख संचच विकले गेले. या अपयशाची कारणे अनेक. तरी हातात दुसरा पडदा दिला म्हणून खेळ आपोआप चांगला होत नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो. त्या पडद्याला स्वतःचे काम हवे.

ते काम कोणते, याचे उत्तर आपल्याच घरात आहे. मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना प्रत्येकाची पाने त्याच्यापुरती असतात आणि डाव सर्वांसमोर पडतो. चार जणांनी एकच पडदा पाहत हे खेळ खेळणे अशक्यच. पण पाने फोनवर आणि डाव टीव्हीवर असेल तर ते सहज जमते. प्रश्नमंजूषा, शब्दकोडी, चित्र काढून ओळखणे, गुप्त मतदान, या सर्वांत फोन कंट्रोलरपेक्षा सरस ठरतो. देवनागरीत टंकलेखन करायचे असेल तर विचारायलाच नको. ज्या आजीला दोन दांड्या आणि डझनभर कळा पाहूनच धडकी भरते, ती फोनवर बोट ठेवायला कचरत नाही.

अ‍ॅप गेले, खेळ गेला

या सोयीला दोन काटे आहेत. पहिला परावलंबनाचा. साधा कंट्रोलर पंधरा वर्षांनीही चालू शकतो, पण फोनवरचे अ‍ॅप कंपनीने अद्ययावत करणे थांबविले की नव्या फोनवर ते चालेलच असे नाही. 'प्लेलिंक'चे खेळ प्रामुख्याने २०१७ ते २०१९ या काळातले. कंट्रोलरच अ‍ॅपच्या रूपात असेल, तर विकत घेतलेली तबकडी शाबूत असूनही खेळ मुका होऊ शकतो. याउलट, गुगलने 'स्टेडिया' ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद करताना तिचे कंट्रोलर ब्लूटूथवर चालतील अशी तजवीज केली आणि ग्राहकांच्या हातातील वस्तू कचऱ्यात जाण्यापासून वाचली.

दुसरा काटा खासगीपणाचा. कंट्रोलर आपल्याविषयी फारसे काही जाणत नाही. फोन सर्व काही जाणतो. प्रश्नोत्तरांच्या खेळाला संपर्कयादी किंवा ठावठिकाणा कशाला हवा? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची त्यात तरतूद आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने असल्याने तूर्त परवानग्या वाचण्याचे काम पालकांनाच करावे लागेल. ज्या मुलाच्या हातातून फोन काढून घेण्यासाठी घरात रोज वाद होतो, त्याच्याच हाती खेळासाठी फोन देणे कितपत शहाणपणाचे, हाही प्रश्न आहे. अ‍ॅपऐवजी ब्राउझरवर चालणारे खेळ निवडावेत आणि खेळापुरता जुना फोन बाजूला ठेवावा, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

नाशिकची संधी

फोनला वेगळ्या उपकरणाचे रूप देण्याच्या विचाराशी नाशिकचे नाते जुने आहे. मूळचे नाशिकचे असलेले एमआयटी मीडिया लॅबमधील संशोधक डॉ. रमेश रासकर यांच्या गटाने २०१० मध्ये 'नेत्रा' हे साधन मांडले. फोनच्या पडद्यावर छोटे भिंग लावायचे, दिसणाऱ्या रेषा कळा दाबून जुळवायच्या आणि त्यावरून चष्म्याचा नंबर काढायचा. पुढे त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या 'कुंभथॉन'मधून नाशिकच्या विद्यार्थ्यांनी २०१५ च्या सिंहस्थात 'आशिओटो' ही पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी चटई वापरून दाखविली. महागड्या यंत्रावाचून माणसाची हालचाल टिपायची, हेच तर कंट्रोलरचेही काम असते.

ब्राउझरवरचा असा खेळ तयार करण्यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. अभियांत्रिकीच्या तीन-चार विद्यार्थ्यांना एका सत्राच्या प्रकल्पात मेंढीकोट किंवा मराठी भेंड्या पडद्यावर आणता येतील. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगभरच्या कन्सोलवर नेला. मराठी माणसांच्या दिवाणखान्यासाठीचा खेळ त्यामानाने कितीतरी कमी खर्चाचा आहे. फोन कंट्रोलरला हटविणार नाही; वेगवान खेळांचे राज्य कळांकडेच राहील. पण घरातील पाच-सहा माणसे एकाच पडद्यासमोर बसून मराठीत खेळू शकतील अशी सोय त्याने आणून ठेवली आहे. ती परदेशी प्रश्नमंजूषांनी भरायची की आपल्या खेळांनी, हे येथील महाविद्यालये आणि उद्योजक यांनी ठरवायचे आहे.