काठी पडली म्हणून काय झाले?

शाळेच्या मैदानावर उंच उडीची स्पर्धा तुम्ही पाहिली असेल. दोन खांबांवर एक आडवी काठी ठेवलेली असते. खेळाडू धावत येतो, एका पायावर उडी घेतो आणि काठीवरून पलीकडे जातो. काठी पडली नाही, तर उडी यशस्वी ठरते. मग काठी आणखी वर चढवतात. लागोपाठ तीन उड्या चुकल्या, की खेळाडू स्पर्धेबाहेर जातो.

या खेळात एक गंमत आहे. जिंकणारा खेळाडूही काठी पडेपर्यंत उड्या मारत राहतो. म्हणून पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूची शेवटची उडीसुद्धा बहुधा चुकलेलीच असते! त्या दिवशी आपण कोठवर पोहोचलो, एवढेच ती पडलेली काठी सांगते. उद्या कोठवर पोहोचू, हे ती सांगत नाही. माझ्या मते हीच गोष्ट आपण विसरतो. चाचणी परीक्षेत गुण कमी पडले, की "गणित माझ्या नशिबातच नाही," असे आपण म्हणतो. शाळेच्या संघात निवड झाली नाही, की मैदानावर जाणेच सोडून देतो.

अशा वेळी २०१० साली कॅनडातील मॉन्क्टन शहरात झालेली जागतिक ज्युनिअर ॲथलेटिक्स स्पर्धा आठवावी. ही स्पर्धा वीस वर्षांखालील खेळाडूंची असते. तेथे मुलांच्या उंच उडीत कतारचा मुताझ बर्शिम २.३० मीटर उडी मारून पहिला आला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच स्पर्धेत इटलीचा जियानमार्को तांबेरी हा अठरा वर्षांचा मुलगाही उतरला होता. तो मात्र अंतिम फेरीपर्यंतही पोहोचला नाही. त्या दिवशी या दोघांची तुलना कोणी केली असती का?

पुढे दोघांनीही कष्ट केले आणि दोघांवरही संकटे आली. २०१६ साली रिओ ऑलिंपिक अगदी तोंडावर आले असताना तांबेरीच्या घोट्याला गंभीर दुखापत झाली. त्याचे ते ऑलिंपिक हुकले. २०१८ साली बर्शिमच्याही घोट्याला तशीच दुखापत झाली. पण दोघांनीही सराव सोडला नाही. तांबेरीने तर आपल्या पायाचे प्लास्टर जपून ठेवले आणि त्यावर टोकियोचे नाव लिहिले.

१ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये दोघांनीही एकदाही न चुकता २.३७ मीटर उंची पार केली. बेलारूसच्या मक्सिम नेदासेकाऊनेही तीच उंची ओलांडली. पण त्याच्या काही उड्या चुकल्या होत्या, म्हणून तो तिसरा आला. नंतर काठी २.३९ मीटरवर गेली. तेथे बर्शिम आणि तांबेरी या दोघांच्याही तिन्ही उड्या चुकल्या. पंचांनी पुन्हा उड्या मारून निर्णय लावण्याविषयी विचारले. तेव्हा दोघांना सुवर्णपदक देता येईल का, असे बर्शिमने विचारले. नियमाप्रमाणे ते शक्य होते. अशा रीतीने मॉन्क्टनचा विजेता आणि तेथे अंतिम फेरीही न गाठलेला मुलगा अकरा वर्षांनी एकाच पायरीवर उभे राहिले.

तुम्ही म्हणाल, "लहानपणी पुढे असणारेच शेवटी पुढे राहतात." नेहमी तसे घडत नाही. २.३७ मीटर हीच उंची युगोस्लाव्हियाच्या द्रागुतिन टोपिचने १९९० च्या आणि इंग्लंडच्या स्टीव्ह स्मिथने १९९२ च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत ओलांडली होती. दोघेही मोठे खेळाडू झाले. स्मिथने १९९६ साली ऑलिंपिकचे कांस्यपदकही मिळवले. पण ऑलिंपिकचे सुवर्णपदक दोघांपैकी कोणालाच मिळाले नाही. म्हणजे लवकर मिळालेले यश पुढच्या यशाची हमी देत नाही आणि लवकर आलेले अपयश पुढची वाट बंद करत नाही.

प्रत्येकजण ऑलिंपिकला जाईल, असे मी म्हणत नाही. नुसती जिद्दही पुरत नाही. काठी का पडली, हे पाहावे लागते. धाव चुकली की पाय उशिरा उचलला, हे चांगला खेळाडू शोधून काढतो आणि तेवढेच सुधारतो. अभ्यासाचेही तसेच आहे. उत्तरपत्रिका हातात आली, की केवळ गुण पाहून ती घडी करून ठेवू नका. कोठे चुकले, ते शोधा; न समजल्यास गुरुजींना किंवा बाईंना विचारा.

काठी पडली, तर ती उचलून पुन्हा खांबांवर ठेवता येते. ती ठेवल्यावर पुन्हा धावत यायचे की नाही, हे मात्र तुम्हालाच ठरवायचे आहे.