‘नाही’ म्हणणाऱ्याचे तुम्ही काय केले?

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. “मॅडम, राजकारण्यांनी लुडबुड थांबवावी, सैन्याला मोकळा हात द्यावा, आठ दिवसांत निकाल लागेल.” परवाही ते आले. मी म्हटले, “सर, १९७१ साली पाकिस्तानी सैन्याचा हात अगदी मोकळा होता. काय निकाल लागला?” क्षणभर शांतता. मग एकजण हसत म्हणाला, “तुम्हाला बरी पाकिस्तानची आठवण येते!”

त्या हसण्याचे उत्तर शेवटी देते. आधी मुद्दा.

लुडबुडीने नुकसान होते, हे खरेच आहे. १९६२ त्याचा पुरावा आहे. १९५९ साली सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारभाराला कंटाळून राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला आणि मग संसदेत त्यांनाच बोल लावला. पूर्व विभागाचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. चीन हल्ला करू शकतो, तेव्हा सीमेवरच्या हरेक चौकीसाठी न झगडता मागे पुरवठ्याची सोय असलेल्या जागी लढावे, अशी त्यांची मांडणी होती. ती बाजूला पडली. आपल्या मागून थोरातांनी सेनाप्रमुख व्हावे, ही थिमय्यांची इच्छाही बाजूला पडली.

त्याच काळात लेफ्टनंट जनरल कौल वर चढत गेले. रणांगणावर तुकडी नेण्याचा अनुभव त्यांना जवळजवळ नव्हता, पण वरच्यांचा विश्वास होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये कोअर कमांडर उमरावसिंग यांनी सांगितले की एवढ्या रसदीवर चिनी फौजेला हुसकावता येणार नाही. त्यांच्याकडून नेफाची जबाबदारी काढून घेतली आणि नवी कोअर उभारून ती कौल यांच्या हाती दिली. आजारी पडून कौल दिल्लीला आले, तरी काही दिवस आघाडीचे हुकूम घरातल्या बिछान्यावरून सुटत राहिले. २० ऑक्टोबरला नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवींची ब्रिगेड चिरडली गेली. हिमालयाच्या थंडीत सुती कपड्यांत, मोजक्या काडतुसांवर जवान लढले आणि मेले. शौर्य कमी नव्हते. वर खरे ऐकून घेणारे कान नव्हते.

इथपर्यंत माझे सहकारी माना डोलावतात. आता पुढचे ऐका.

१९७१ साली पाकिस्तानात लुडबुड करायला राजकारणी उरलेच नव्हते. याह्या खान राष्ट्राध्यक्ष होते, सेनाप्रमुख होते आणि मार्शल लॉचे मुख्य प्रशासकही होते. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या दोन सोडून सगळ्या जागा जिंकल्या, तरी सत्ता दिली नाही. पूर्वेचे गव्हर्नर ॲडमिरल अहसान आणि तिथले लष्करी कमांडर साहबजादा याकूब खान, दोघांचेही म्हणणे होते की हा प्रश्न राजकीय आहे, बंदुकीने सुटणार नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघेही पदावर नव्हते. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात गोळ्या सुटल्या. १६ डिसेंबरला त्याच ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. सुमारे ९३ हजार कैदी. हा मोकळ्या हाताचा हिशेब.

म्हणजे एकीकडे मंत्र्यांची ढवळाढवळ, दुसरीकडे मंत्रीच नाहीत, आणि दोन्हीकडे रोग एकच. ‘नाही’ म्हणणारा दूर आणि होयबा जवळ. मी दोन भाषा शिकवते. उर्दूत ‘जी-हुजूर’ आहे, मराठीत ‘होयबा’ आहे. या जमातीला धर्म नाही, देश नाही.

आता आपला १९७१ पाहा. माणेकशॉ यांनीच नंतर सांगितलेली गोष्ट आहे: एप्रिलमध्ये इंदिरा गांधींनी विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की सैन्य तयार नाही, पावसाळा तोंडावर आहे, आत्ता गेलो तर हरू. इंदिराजींनी त्यांना काढले नाही, थांबल्या. तेवढ्यात राजकारण्यांनी राजकारण्यांचे काम केले. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, जगापुढे बाजू मांडली गेली. युद्ध पेटले आणि १३ दिवसांत संपले. याच माणेकशॉंना १९६२ च्या आगेमागे चौकशीला उभे केले होते. निर्दोष सुटले. कौल यांची कोअर पुढे त्यांनाच सावरावी लागली.

आणि यशवंतराव? मेनन गेल्यावर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्यांनी नक्की काय केले, ते मात्र सांगत नाही. ते सेनाप्रमुखांबरोबर नियमित बसले आणि त्यांनी ऐकून घेतले. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये रणगाडे घुसले आणि विमानदलाची परवानगी मागितली गेली, तेव्हा त्यांनी घोळ न घालता ती दिली. ही लुडबुड नव्हे, जबाबदारी आहे. युद्ध कशासाठी करायचे हे लोकांनी निवडलेल्यांनीच ठरवावे. कसे करायचे, आणि आत्ता जमेल का, हे सैनिकाने निर्भयपणे सांगावे. सांगितल्यावर त्याची बढती शाबूत राहावी. ‘मोकळा हात’ ही घोषणा या दोन्ही जबाबदाऱ्यांतून पळवाट काढते. जिंकलो तर श्रेय नेत्याचे, हरलो तर हात सैन्याचा होताच.

१९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल आपल्या सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. पाकिस्ताननेही हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल जवळजवळ तीस वर्षे दाबून ठेवला. मार्शल लॉच्या कारभारात शिरून सेनापती बिघडले, असे त्या अहवालात लिहिले होते. पराभव लपवण्यात दोघे शेजारी सख्खे भाऊ!

आता त्या हसण्याचे उत्तर. अशा वेळी मी हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव ढालीसारखे पुढे करावे, अशी अपेक्षा असते. मी करणार नाही. त्यांचे बलिदान माझे ओळखपत्र नव्हे. ते तुमचे आहे तेवढेच माझे आहे. मी एवढेच आठवण करून देते की ८ नोव्हेंबर १९६२ ला, चीनशी युद्ध चालू असताना, संसदेचे अधिवेशन भरले. तरुण वाजपेयींनी त्याची मागणी केली होती आणि नेहरूंनी ती मानली. भर युद्धात पंतप्रधानांना तोंडावर जाब विचारला गेला. विचारणाऱ्याला कुणी पाकिस्तानची किंवा चीनची आठवण करून दिली नाही.

सेनापतीने मंत्र्याला ‘नाही’ म्हणावे असे वाटत असेल, तर आधी स्टाफरूममध्ये एका मास्तरणीचा प्रश्न ऐकून घ्यायला शिका, सर. होयबा दिल्लीत तयार होत नाहीत. ते असल्याच हसण्यातून तयार होतात.