शाळा मुलाजोगी हवी

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची महागडी साधने बाजूस सारून त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे यांतून मुलांना इंद्रियशिक्षण दिले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. मुलाने शाळेजोगे व्हावयाचे नसून शाळेने मुलाजोगे व्हावयाचे असते, हा त्याचा अर्थ.

हाच न्याय आणखी काही मुलांना हवा आहे. कुणाला घंटेचा आवाज असह्य होतो, कुणाला गणवेशाचे कापड टोचते, कुणाला हालचालीवाचून बसवतच नाही. इंद्रियांकडून आलेल्या संवेदना त्यांचा मेंदू निराळ्या रीतीने जुळवतो. हा हट्ट नव्हे, की आईबापांचा दोष नव्हे.

शहरातील सुखवस्तू पालक अशा मुलाला व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे नेतात. तलासरीतील शेतमजुराच्या मुलाच्या कपाळी मात्र ‘मठ्ठ’ हा शिक्का बसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस बंदी केली. पण शिक्षा थांबली म्हणजे समज आली असे नव्हे.

वर्गात शांत कोपरा ठेवणे, घंटेची आगाऊ कल्पना देणे, मधूनमधून उड्या मारू देणे यांस पैसा लागत नाही. तज्ज्ञाला मात्र लागतो. तो तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात ठरलेल्या दिवशी भेटलाच पाहिजे. ही याचना नव्हे. श्रमिकांच्या मुलांचा हा हक्क आहे.